सगळ्यांना वीस मिनिटं

ती बुटाची नाडी बांधत होती, तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशी एका दवाखान्यात नंबर लावायच्या खिडकीशी बसते. कुणाची पाळी किती वेळाने येईल हे सांगणारा प्रोग्रॅम हिच्या कॉलेजातल्या गटाने त्या दवाखान्यासाठीच कित्येक महिने खपून केला होता, आणि मावशीने तो त्या सकाळी पहिल्यांदा चालू करून बघितला होता.

"काय गं, तुझं ते यंत्र सगळ्यांनाच वीस मिनिटं सांगतंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे आत निघालेल्या बाईंना वीस, आणि पार दाराशी उभ्या असलेल्या आजोबांनाही वीस. आजोबा खूश. मी म्हटलं, हुरळून जाऊ नका, माझ्या भाचीचा हिशेब आहे तो! शेवटी बंद करून टाकलं बाई."

मावशी हसत होती. हिच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. ते वीस तिनेच घातले होते.

गटात तिघं होते. कामाची आखणी हिच्याकडे, म्हणून बाकीचे दोघं तिला मुकादम म्हणत. पडद्यावर जे दिसतं ते तिने करायचं, वेळेची मोजणी पंडितने, आणि परीक्षकांसमोर बोलायचं गोडबोल्याने. मोजणी तयार होईपर्यंत जागा रिकामी दिसायला नको, म्हणून तिने तिथे हातानेच वीस लिहून ठेवले होते. तात्पुरते. मोजणी झाली की पंडित ते काढून आपला भाग जोडणार होता. ती रोज विचारायची, "झालं का रे?" तो म्हणायचा, "झालंच." तो शब्द पुरेशा वेळा ऐकल्यावर एके दिवशी तिने कामाच्या तक्त्यात त्याच्या कामापुढे हिरवी खूण केली. पडद्यावर वीस दिसत होतेच. आकडा खोटा वाटावा असाही नव्हता.

आणि आज सादरीकरण होतं. नुसत्या मार्कांचं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण आज एका कंपनीच्या इंजिनिअर बाई बघायला येणार होत्या आणि मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते तिथेच ठरवणार होत्या. बाबांनी तर शेजारच्या काकांना "पोरीच्या नोकरीचं जमलंय" असं सांगूनही टाकलं होतं.

मावशीचं बोलणं तिने दोघांना वाटेतूनच कळवलं होतं. कॉलेजच्या जिन्यात तिने पंडितला गाठलं.

"तू म्हणालास झालंच!"

"हो, म्हणजे होत आलंय."

"झालंच म्हणजे झालं!"

"झालंच म्हणजे झाल्यात जमा. अर्धवट फाइल आहे माझ्याकडे. तुला काय वाटलं?"

"तुमचं व्याकरण नंतर," गोडबोल्या मध्ये पडला. त्याने शर्टाला कडक इस्त्री केली होती. "नीट ऐक, मुकादम. रांगेतला तिसरा नंबरच दाखवायचा. त्याला वीस शोभतात. मी बोलत राहतो, तू बटण दाब. वेळ मारून नेऊ."

"आणि दुसरा नंबर टाका म्हणाले तर?"

"कोण म्हणतंय? त्यांनाही चहाला जायचं असतं."

खोलीत परीक्षक सर आणि इंजिनिअर बाई आधीच येऊन बसले होते. ती कीबोर्डशी बसली. गोडबोल्या मधात घोळून बोलत होता. तिसरा नंबर, वीस मिनिटं. सरांनी मान डोलावली. तिला वाटलं, सुटलो.

"पहिला नंबर टाकून बघू," इंजिनिअर बाई म्हणाल्या.

"मॅडम, ते आम्ही पुढच्या भागात..." गोडबोल्याने तिच्याकडे डोळे वटारले. म्हणजे, पडदा घालव, वायर ओढ, काहीही कर.

"पहिल्यालाही वीसच येतील," तिच्या तोंडून निघालं.

"का?"

"ते वीस मी हाताने लिहिलेत, मॅडम. आत मोजणी नाहीच आहे."

सरांनी चष्मा काढला. मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. पंडित धडपडत उठला. "सर, ती रोज विचारायची. मीच झालंच म्हणायचो."

"आमच्याकडेही आहेत असे दोघंतिघं," बाई म्हणाल्या. मग हिच्याकडे वळल्या. "तो झालंच म्हणाला. तू चालवून बघितलंस?"

"नाही."

"का? वेळ नव्हता?"

वेळ होता. हो म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"भीती वाटायची. आखणी माझी होती. चालवलं आणि चाललं नाही, तर सगळं फसलं असं झालं असतं. खूण केली की त्या दिवसापुरतं बरं वाटायचं. आज सकाळी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा कळलं."

"खरं सांगितलंस," बाई म्हणाल्या. "तरी या वेळी मी मुलाखतीच्या यादीत तुझं नाव घालणार नाही. प्रोग्रॅम चालत नाही, आणि चालत नाही हे तुला बाहेरच्या माणसाने सांगितलं. वर्षअखेर आम्ही परत येतो. तेव्हा बघू."

तिने मान हलवली.

बाहेर आल्यावर गोडबोल्या "सत्यवादीबाई!" एवढंच म्हणाला आणि तरातरा निघून गेला. ती जिन्याच्या पायरीवर बसली. ज्याची भीती होती ते होऊन गेलं होतं. आता बाबांना सांगायचं होतं. काकांनाही कळणारच.

पंडित शेजारी येऊन बसला. चपलेच्या टोकाने पायरी घासत राहिला.

"शिव्या तरी दे."

"लॅपटॉप काढ," ती म्हणाली. "तुझी ती फाइल आत्ता जोड. माझ्यासमोर."

"अगं, अर्धवट आहे. चालायची नाही."

"माहितीये. जोड."

त्याने जोडली. तिने पहिला नंबर टाकला. बटण दाबलं. पडद्यावर आलं: उणे चार मिनिटं.

"म्हणजे पहिला पेशंट चार मिनिटांपूर्वीच तपासून घरी गेला," पंडित हळूच म्हणाला.

तिला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. तिने लॅपटॉप आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दुसरा नंबर टाकला.