ओली पाटी, जुने चामडे

मी एक जुना काचेचा पेला आहे, उंच देठाचा. माझ्यात आता टाक, पेन्सिली आणि एक मोडकी पट्टी उभी असते. माझ्या बुडाखाली कित्येक वर्षे एक पत्र दबून होते. उत्तर न दिलेले पत्र. ते मला आलेले नव्हते, पण त्यात माझा उल्लेख होता, म्हणून त्याची हकिकत मीच सांगावी असे वाटते. मित्रांनो, द्राक्षाच्या दारूची गोष्ट मुलांना सांगावी की नाही, याची मला अजून शंका आहे. तरी सांगतो.

माझा जन्म १९६२ साली तळेगावच्या एका भट्टीत झाला. कारागिराने तापलेल्या काचेत फुंकर घातली आणि मला पोट आले. ज्या साहेबासाठी आम्ही डझनभर भावंडे जन्मलो, त्याने काही वर्षांतच बंगला विकला. आम्ही जुन्या बाजारात आलो. तिथून आम्हाला दौलतरावांनी उचलले.

दौलतराव भोसरीकडचे जुने शेतकरी. त्यांची बरीच जमीन कारखान्यांत गेली होती. मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला एक तुकडा उरला होता. तिथला गोठा काढून त्यांनी वाइनचा छोटा कारखाना घातला. जुन्नरकडची द्राक्षे यायची, लाकडी पिंपांत मुरायची, आणि चाखायची वेळ आली की आम्हाला फडताळातून काढले जाई.

आम्हाला धुण्याचे काम चिमाबाईंकडे होते. त्या निगडीच्या वस्तीतून येत. आधी सोड्याच्या पाण्याने, मग कढत पाण्याने धुवायच्या आणि धोतराच्या मऊ फडक्याने पुसून उजेडात धरायच्या. "आता कसं तोंड दिसतंय बघ," असे म्हणायच्या. माझे आयुष्यातले कौतुक म्हणाल तर एवढेच. चिमाबाई बौद्ध, पंचशील पाळणाऱ्या. पिंपे आणि पेले धुण्यात त्यांचा दिवस जाई, पण वाइनचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नाही.

एका उन्हाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलाचे चाखणारे साहेब आले. वाइन पसंत पडली तर हॉटेल ती दर महिन्याला घेणार होते. साहेबांनी मला देठाला धरून गोल फिरवले, माझ्यात नाक खुपसले, एक घोट घेऊन तोंडात खळबळवला आणि बादलीत थुंकला.

"थुकला की राव!" दौलतराव हबकले. "संपलं आपलं."

"तशी त्यांची पद्धत असते," उद्धवराव हळूच म्हणाले.

उद्धवराव हे कारखान्याचे लेखनिक. पुस्तकांत रमणारे, चारचौघांत आवाज न फुटणारे. साहेबांनी इंग्रजीत एक कागद लिहिला, तो त्यांच्या हातात दिला आणि मोटारीत बसून ते निघून गेले.

"वाचा मोठ्यानं," दौलतराव म्हणाले. "सगळ्यांना ऐकू द्या."

उद्धवराव एकेक शब्द मराठीत सांगू लागले. "पहिल्यांदा ओल्या पाटीचा वास."

"पाटी? शाळेतली?"

"हो. मग नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा. मागून, लांबून, गोठ्याचा."

"गोठ्याचा? आवो, गोठा काढून तर कारखाना घातला! जमिनीत मुरलाय काय?"

कामगार हसले. दौलतरावही जरा हसले. उद्धवराव पुढच्या शब्दावर अडखळले. मग खाली बघून म्हणाले, "शेवटी, जुन्या चामड्याचा."

हसू थांबले. दौलतरावांनी मला उचलून हुंगले आणि विचारले, "पेले कोन धुतं?"

मित्रांनो, पेले कोण धुते ते सगळ्यांना ठाऊक होते. तरीही सगळे चिमाबाईंकडे वळून बघू लागले.

"दादा, मी सोड्यानं धुते," चिमाबाई म्हणाल्या. "हात हुंगून बघा. आन् चामड्याचं म्हनत असाल, तर आमच्या घरानं ते काम छप्पन सालीच, धम्म घेतला तवाच सोडलं. हत्यारं बाहेर टाकली तवा मी दारात उभी होते."

"मी कुठं काय म्हनतो? कागद म्हनतोय. उद्यापासून येऊ नगा, म्हंजे झालं."

चिमाबाईंनी उद्धवरावांकडे पाहिले. उद्धवरावांनी एका पुस्तकात वाचले होते की चाखणारे लोक अशाच वासांची नावे घेऊन वाइनची तारीफ करतात. पण एकाच पुस्तकात वाचलेले खरे धरावे का? आपण चुकलो तर? ते कागदाची घडी घालत राहिले. तोवर चिमाबाईंनी फडके पिळून दोरीवर टाकले होते आणि त्या फाटकाबाहेर पडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात हॉटेलचे पत्र आले. वाइन पसंत होती. चाखलेल्या पिंपातलाच माल त्यांना हवा होता.

आता तरी चूक उमगेल, असे मला वाटले. पण दौलतरावांनी पेढे वाटले आणि म्हणाले, "बघा! बाई काढली, वास गेला, ऑर्डर आली!" उद्धवरावांनी पेढा हातात घेतला. तो त्यांनी खाल्लेला मला दिसला नाही.

मग उद्धवरावांच्या नावाने चिमाबाईंचे पत्र आले. त्यांच्या भाच्याने लिहिलेले होते. 'साहेब, पेले मी धुतले ते तुम्ही रोज पाहिले. लोक म्हणतात, चिमाच्या हातानं माल बाटला. कंपनीच्या कँटीनमध्ये मला भांड्याला घेत नाहीत. त्या कागदात माझ्याबद्दल काय होतं ते लिहून कळवा. विहारात सगळ्यांसमोर वाचून घेईन.'

उद्धवराव उत्तर लिहायला बसत. 'चामड्याचा वास हा गुण आहे,' असे लिहीत आणि खोडत. ज्या बाईच्या घराने ते काम निश्चयाने सोडले, तिला हे कोणत्या शब्दांत कळवायचे? तारीफ लिहिली तरी तिला टोचणार. शब्द सापडेनात म्हणून उत्तर लांबले, आणि लांबलेले उत्तर पाठवायची लाज वाटू लागली.

दोन हंगामांनी हॉटेलने माल घेणे बंद केले. कारखाना मोडला आणि तिथे यंत्रांच्या सुट्या भागांचे गोदाम झाले. माझी भावंडे कुठे फुटली ते मला ठाऊक नाही. उद्धवराव मला चिंचवडच्या आपल्या खोलीवर घेऊन आले. पत्र टेबलावर ठेवून त्यांनी त्यावर मला उभे केले. तेव्हापासून मला कोणी उजेडात धरले नाही. बुडाशी धूळ आणि शाई साचत गेली.

१९८१ च्या हिवाळ्यात दार वाजले. शिफ्ट सुटल्यावर आलेला, कंपनीच्या निळ्या कपड्यांतला एक माणूस होता.

"मी भीमराज. चिमाबाईचा भाचा. ते पत्र मीच लिहिलं होतं."

उद्धवरावांनी त्याला खुर्ची दिली. ते स्वतः उभेच राहिले.

"आत्या अजून भोसरीला भंगार निवडती. आता तिच्या पोरीनं, कस्तुरानं, त्याच कँटीनला अर्ज केलाय. तिथं कुनीतरी म्हनलं, ही त्या वाइनवाल्या चिमाची ना? परवा नावं ठरनार हायेत."

"त्यांनी... माझ्याबद्दल काही म्हटलं?"

"आत्या म्हनती, शिकल्याला मानूस हाय, लिहायला येळ लागतो."

उद्धवरावांनी कोरा कागद पुढे ओढला. ते म्हणाले, "थांबा, आत्ताच लिहून देतो. घेऊन जा."

"न्हाई काका. माझ्या हातात नगा देऊ. मीच लिहून घेतलं म्हनतील. टपालानं येऊ द्या. पोस्टमननं वस्तीत नाव पुकारून दिलं पायजे."

तो गेला. उद्धवरावांनी माझ्यातून टाक काढला. या वेळी त्यांनी गुणाचे, वासाचे, पुस्तकाचे काहीच लिहिले नाही. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते, म्हणून मला ऐकू आले.

'चिमाबाई यांस, सप्रेम जयभीम. त्या कागदात तुमच्याबद्दल एक शब्दही नव्हता. वाइन चांगली होती. तुम्ही कामावर असताना जी चाखली आणि हॉटेलने जी विकत घेतली, ती एकाच पिंपातली. पेले स्वच्छ होते. मला हे कळले होते आणि मी बोललो नाही. हे पत्र कोणालाही दाखवावे. कोणी विचारायला आले तर मी सांगेन.' खाली पूर्ण नाव आणि पत्ता.

मित्रांनो, काच जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. काच फुटली तर दुसरी मिळते. पण तुमच्यासमोर एखाद्यावर नाहक आळ आला आणि तुम्हाला खरे ठाऊक असेल, तर चांगला शब्द सापडेपर्यंत थांबू नका. वेडावाकडा असेल तो बोला.

टपालपेटी खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे आहे. पेटी उघडायची वेळ झाली होती. उद्धवराव चपला न घालताच धावत गेले. पोस्टमन थैलीचे तोंड आवळत होता. त्यांनी पत्र पेटीत टाकले नाही. त्याच्या हातात दिले, आणि मी त्यांचा इतका मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला, "निगडीचं आहे, चिमाबाईंचं. तिथल्या पोस्टमनला, नाव मोठ्यानं पुकारा म्हणावं."