पुंजारामचं वळण

मी एक जुनं वळण आहे. अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या सडकेवर, मूर्तिजापूरच्या अलीकडे, मी असा काही मुरडतो की नवखा गाडीवान कासरा ओढतोच. हसू नका, मित्रांनो. सरळ रस्त्याला कुणी नाव देत नाही. मला नाव आहे, आणि एकदा तेच नाव माझ्या जिवावर उठलं होतं.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं, त्याच्या मागेपुढे ही सडक पक्की झाली. मध्ये एका माळ्याची बारमाही पाण्याची विहीर आडवी आली. तेव्हाच्या साहेबाला दया आली म्हणा, की विहीर बुजवायचा कंटाळा आला म्हणा, त्याने सडकच वळवली. तो माझा जन्म. पुढे त्या माळ्याची सून मनकर्णाबाई विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, सांभार पिकवू लागली. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. परगावचे लोक हा शब्द ऐकून गोंधळतात, त्याला माझा इलाज नाही.

मग फटफट्या आल्या. हौशी मंडळींनी अमरावती ते अकोला शर्यत सुरू केली. त्यात पुंजाराम होता, जवळच्याच गावातल्या पार्बताबाईचा एकुलता एक मुलगा. अंगाने काटकुळा, पण माझ्यावरून असा झुकून जायचा की माझाच ऊर भरून यायचा.

एका वर्षी तो सगळ्यांच्या पुढे होता. नेमकी तेव्हाच मनकर्णाबाईची भाजीची गाडी मळ्यातून सडकेवर निघाली. कडेच्या बाभळींमुळे दोघांना एकमेकांचं काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा पुंजारामने शर्यतीवर पाणी सोडलं आणि फटफटी थेट सांभाराच्या वाफ्यात घातली. चिखलातून उठत त्याने विचारलं, “मावशी, बैल बरे हायेत ना?”

“बैल बरे हायेत. माह्या सांभाराचा मात्र चेंदा केला तुनं,” ती म्हणाली.

तो खो-खो हसत सुटला. बाकीचे स्वार धूळ उडवत पुढे निघून गेले, तरी याचं हसू थांबेना.

दोन वर्षांनी तो विषमज्वराने गेला. घरी, आईच्या मांडीवर. शर्यतवाल्यांनी त्याच्या आठवणीसाठी माझ्या कडेला त्याच्या नावाचा दगड रोवला. लोक मला पुंजारामचं वळण म्हणू लागले आणि मी हरखून गेलो. एवढा मान कुठल्या वळणाला मिळतो?

पण येणारे-जाणारे दगड बघत आणि मनानेच ठरवत, की पुंजाराम इथेच मेला. कुणी दगडाला शेंदूर फासला, कुणी लिंबू ठेवलं. तिन्हीसांजेला तिथं फटफटी वाजते, असं गाडीवान सांगू लागले. अरे बाबांनो, वाजायचं ते पलीकडच्या गावातल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन. पण माझं ऐकतो कोण?

ही आवई सडकेच्या कचेरीपर्यंत गेली. नवे ओव्हरसियर खुशालराव मोजणीची साखळी घेऊन आले आणि त्यांनी मळ्यात खुंट्या ठोकल्या. वळण जीवघेणं आहे, सडक सरळ करायची, विहीर बुजवायची. मनकर्णाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. विहीर गेली तर मळा गेला. आणि मी तर मुळातूनच गेलो.

“साहेब, तो पोरगा अठी नाई मेला,” ती काकुळतीने म्हणाली.

“बाई, विहीर तुमची जाते. तुम्ही असंच म्हणणार,” खुशालराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा विश्वास बसेना.

मग मनकर्णाबाई पार्बताबाईच्या दारी गेली. पोर गेलेल्या आईपुढे ही गोष्ट काढायची म्हणजे जिभेवर निखारा ठेवायचा. तरी ती बोलली. दुसऱ्या दिवशी पार्बताबाई स्वतः आली आणि खुशालरावांपुढे उभी राहिली.

“साहेब, मी त्याची माय. माहा पुंजाराम माह्या मांडीवर गेला, तापानं. या वळनानं त्याले मारलं नाई. कावून बदनाम करून रायले याले?”

तिने पदराने दगडावरचा शेंदूर खसाखसा पुसून काढला. खुशालरावांनी मोजणीची साखळी गुंडाळली. मग गड्यांना म्हणाले, “खुंट्या उपटा. त्या बाभळी तेवढ्या तोडा, म्हणजे समोरचं दिसेल.”

एकेक खुंटी निघत गेली तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. मनकर्णाबाई विहिरीच्या काठावर मटकन बसली आणि रडली, पण ते रडणं सुटकेचं होतं.

पार्बताबाई इतकी वर्षं बाजाराला लांबच्या पांदीने, शेतांमधल्या चिखलवाटेने जायची, हे मला त्या दिवशी कळलं. दगडापाशी लोक जे बोलत, ते तिला ऐकवत नव्हतं. निघताना ती मनकर्णाबाईला म्हणाली, “आता मी याच सडकेनं येत जाईन.” विहीर वाचली, मी वाचलो, पण खरं सांगतो, मला सगळ्यात हलकं वाटलं ते या बोलण्याने.

मित्रांनो, दगडावर कुणाचं नाव दिसलं, तर तो कसा गेला हे मनाने रचू नका. त्याच्या माणसांना विचारा. आणि माझ्यापाशी आलात की गाडी हळू करा. पलीकडून पार्बताबाई बाजाराला येत असेल.