तुटक्या कोयत्यातले कण

रतनबाईंचं पोस्टकार्ड श्रावणात आलं. मी उत्तर दिलं नाही. त्यांची नात करिष्मा, माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, तिच्या अक्षरात रतनबाईंनी विचारलं होतं: 'सर, कोयते तुटतात ते माझ्या घावामुळं का? त्रिंबकभावजी दसऱ्यापासून घण दुसऱ्याला देणार हायेत.'

चौसाळ्याच्या या लोहारघरात तापलं लोखंड धरायची पकड पुरुषाच्या हाती, घण बाईच्या. नवरा गेल्यावर पकड दिराकडे, त्रिंबककडे आली. घण चाळीस वर्षं रतनबाईंचाच.

मी बीडच्या तंत्रनिकेतनात एकतीस वर्षं धातुशास्त्र शिकवलं, म्हणजे फळ्यावर धातूच्या कणांचे षटकोन काढले. पकड कधी धरली नाही. चुकीचं सांगितलं तर? या शंकेवर दीड महिना काढला आणि भित्रेपणाला जबाबदारी म्हणत राहिलो.

शेवटी परवा गेलो. त्रिंबकने हातभाता फेकून विजेचा पंखा लावला आहे. पट्टी भट्टीत खुपसून हा गृहस्थ मोबाइल पाहत बसला. त्याला घाम येत असेल तर तो फोन तापल्यावरच. लोखंड पांढरं पडलं, ठिणग्या उडाल्या, तरी मान वर नाही.

"फार तापत नाही का?" मी चाचरत विचारलं.

"सर, लोण्यावानी झाल्याबिगर बाईमाणसाच्या घावाला वाकंल का? पाच-सात घावांत काम खलास. पुस्तकात हाय का असलं?"

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. त्या दिवसातली सर्वांत हलकट गोष्ट तीच.

रतनबाईंनी दोन तुटके कोयते पुढं केले. "ह्यो मालकाच्या येळचा, धोंड्यावर बसला तवा तुटला. ह्यो गेल्या साली भावजींनी केलेला, पयल्या मोळीलाच गेला."

जुन्याची तुटलेली कड राखेसारखी बारीक होती. नव्याची जाड साखरेसारखी चकाकत होती. एकतीस वर्षं काढलेले षटकोन मी पहिल्यांदा पाहिले.

घरी येऊन लिहिलं: 'रतनबाई, दोष घावाचा नाही, आचेचा आहे. लोखंड कणांचं असतं. फार तापवून ठेवलं की कण मोठे होतात. तापल्या लोखंडावर घाव बसले की कणांमधल्या बांधांवर नवे बारीक कण उगवतात, त्यानं पातं चिवट होतं. मोठ्या कणांत बांधच थोडे, म्हणून नवे कण उशिरा आणि कमी उगवतात. त्यांना घाव जास्त हवेत. तुम्हाला तर पाच-सातांवर थांबवतात. पट्टी केशरी होताच काढायला लावा, लाली उतरू लागेपर्यंत ठोका. मालक तसंच करत असणार. घण सोडू नका.'

पाकीट बंद केलं. मग फोडलं आणि सगळं बारीक अक्षरात पोस्टकार्डावर उतरवलं. पाकीट उघडण्याचे कष्ट त्रिंबक घेणार नाही. दुसऱ्याचं उघडं कार्ड मात्र तो वाचल्याशिवाय राहणार नाही. खाली एक ओळ वाढवली: 'करिष्मा, हे मोठ्यानं वाच, पंखा बंद करून.'

आज सकाळी ते पेटीत टाकलं.