अक्कांचा होकार

प्रभाबाईंनी दोन वाट्या अक्कांच्या डोळ्यांसमोर धरल्या. एकीत कांडलेले गहू होते, दुसरीत रवा.

“अक्का, नाताळला हुग्गी करू का रव्याचा केक?”

“व्हय.”

“व्हय काय? हुग्गी का केक?”

“व्हय,” अक्का पुन्हा म्हणाल्या आणि डाव्या बाजूनं हसल्या. उजवी बाजू पावसाळ्यापासून हसत नव्हती.

प्रभाबाई वाट्या घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. नाताळ तोंडावर आला होता. जन्मात कधी त्यांनी नाताळचं जेवण घातलं नव्हतं. ते अक्कांचं काम. अक्का म्हणजे कमलम्मा, थोरली जाऊ, माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा म्हणे त्यांना ‘पाणी’ सोडून एक मराठी शब्द येत नव्हता. पण प्रभाबाई धाकटी सून म्हणून आल्या तोवर सगळं घर अक्कांच्या हाती होतं. सकाळची उपासना आटोपली की सगळे चर्चमधून सरळ अक्कांच्या घरी. अंगणात सतरंज्या, मटणाचा वास, आणि शेवटी हुग्गी. गव्हाची ती खीर अक्कांनी पळीनं वाढायला घेतली की बोलणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची. प्रभाबाई शाळेतल्या बाई. त्यांना स्वयंपाक बेताचाच यायचा, आणि अक्कांनी कधी जास्त अपेक्षाही केली नाही. दरवर्षी प्रभाबाई स्टीलच्या डब्यातून बीट-गाजराची कोशिंबीर घेऊन जायच्या. अक्का ती काचेच्या भांड्यात काढून पंगतीच्या मधोमध ठेवायच्या.

दोघींचेही नवरे गेले. प्रभाबाईंना मूल नव्हतं. अक्कांचा ऋतुराज पुण्यात नोकरीला. पावसाळ्यात अक्कांना अर्धांगाचा झटका आला, दवाखान्यातून सुटल्या त्या प्रभाबाईंच्या घरी आल्या. “पंधरा दिवस ठेव काकू, मी सोय बघतो,” ऋतुराज म्हणाला होता. त्या पंधरा दिवसांचा हिशेब प्रभाबाईंनी कधी काढला नाही. सकाळी अक्कांची वेणी घालायची, चहात बिस्कीट बुडवून भरवायचं, दुपारी खुर्ची गॅलरीत ओढून रस्ता दाखवायचा. घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू येतो, एवढ्यावर त्यांची झोप शांत झाली होती.

मग गेल्या महिन्यात न्हाणीघरात दोघी पडल्या. लागलं कुणालाच नाही, पण उठता येईना. प्रभाबाईंनी हाका मारल्या तेव्हा शेजारच्या रत्नम्मा धावत आल्या आणि त्यांनीच पुढं ऋतुराजला फोन केला.

“काकू, तुझंही वय झालं की गं,” तो प्रभाबाईंना फोनवर म्हणाला. “इथं आमच्या घराजवळ एक चांगली जागा आहे. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला बायका असतात, डॉक्टर येतो. मी रोज संध्याकाळी जाऊन येईन.”

“तिला नाही आवडायचं.”

“तिला काय कळतंय, काकू? कळत असतं तर प्रश्नच नव्हता. तिलाच विचारलं असतं, ती म्हणेल तसं केलं असतं.”

“कळतं तिला सगळं.”

“काय बोलते?”

“व्हय म्हणते.”

“आणि?”

प्रभाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नाताळला आम्ही दोघं येतो, तेव्हा ठरवू,” ऋतुराज म्हणाला. “कुठल्या तरी हॉटेलातच जेवू या.”

“हॉटेलात का? माझ्याकडे जेवायचं,” प्रभाबाई बोलून गेल्या.

तो म्हणाला, “बरं. बिर्याणी अन् चिकन मी तिथल्या हॉटेलात सांगून ठेवतो. तू फक्त तोंडीलावणी आणि गोड बघ. नाहीच जमलं तर तेही विकत आणू.”

‘नाहीच जमलं तर’ हे शब्द त्यांच्या कानात बसून राहिले. त्यांच्या मनात सरळ हिशेब होता. पानात अक्कांची हुग्गी पडली, अक्कांचं भरीत पडलं, आणि ते अक्कांनी सांगितल्याप्रमाणे झालंय हे ऋतुराजला दिसलं, तर अक्कांना सगळं कळतं याची त्याला खात्री पटेल. पण अक्का सांगतील तर ना.

पहिल्या दिवशी हुग्गी नासली. गूळ विरघळला न विरघळला तोच प्रभाबाईंनी दूध ओतलं आणि सगळं फाटून वर आलं. त्या पातेलं तसंच उचलून अक्कांपुढे घेऊन गेल्या.

“बघा काय झालं. दूध आधी घालायचं का गूळ?”

“व्हय.”

“भरीत कशाचं करायचात तुम्ही, वांग्याचं का भोपळ्याचं?”

“व्हय.”

प्रभाबाईंचा संयम सुटला. “मग कारल्याची खीर करते! चालेल?”

“व्हय,” अक्का मान डोलावून म्हणाल्या. इतक्या मनापासून, की प्रभाबाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं आधी अक्कांची हनुवटी पुसली, मग स्वतःचे डोळे.

रत्नम्मा डोकावल्या. “काय चाललंय जावाजावांचं?”

“ह्यांना विचारून नाताळ करतेय.”

“अगं, ज्या बाईनं जन्मात कुणाला नाही म्हटलं नाही, तिला विचारून काय होणार?” रत्नम्मा म्हणाल्या. “नारळाचं दूध घाल, अन् गॅस बंद केल्यावर घाल. नासत नाही.”

दुसरी हुग्गी नासली नाही, पण पातळ झाली. तिसरी जमली. प्रभाबाईंनी चमचाभर अक्कांच्या तोंडात घातली. अक्कांनी डोळे मिटून घेतले. चव ओळखली का नुसतं ऊनऊन गोड लागलं, कळायला मार्ग नव्हता.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी प्रभाबाई अक्कांच्या शेजारी भाजीची परात घेऊन बसल्या. खिडकीत नव्या पेठेतून आणलेली कागदाची चांदणी लटकत होती. वांगी वेगळी काढली, काकड्या वेगळ्या. मग बीट हातात घेऊन सालकाढणं उचललं.

“आणि कोशिंबीर तर माझी आहेच,” त्या सवयीनं म्हणाल्या.

अक्कांचा डावा हात हळूहळू उचलला गेला. तो प्रभाबाईंच्या मनगटावर आला आणि त्यानं बीट ढकललं. बीट परातीबाहेर पडून कॉटखाली घरंगळत गेलं.

“ब्याड,” अक्का म्हणाल्या.

प्रभाबाई बघतच राहिल्या. ब्याड म्हणजे नको. इतक्या वर्षांच्या सहवासात एवढी कानडी त्यांना कळत होती. त्यांनी वाकून बीट बाहेर काढलं आणि पुन्हा समोर धरलं.

“अक्का, हे नको?”

“ब्याड.” या खेपेस कपाळाला आठीही पडली.

“माझी कोशिंबीर नको तुम्हाला?”

“ब्याड, ब्याड.”

प्रभाबाई हसायला लागल्या. परात बाजूला सारून, गुडघ्यावर हात मारून हसल्या. इतकी वर्षं काचेच्या भांड्यातून पंगतीच्या मधोमध बसलेली कोशिंबीर! अक्काही डाव्या बाजूनं हसू लागल्या. त्या दिवशी प्रभाबाईंनी दहीकांदा केला, वांगी भाजली, शेंगाची चटणी कुटली, आणि सगळं करताना त्या गुणगुणत होत्या. ऋतुराजला त्यांनी हे मुद्दामच फोनवर सांगितलं नाही, त्याला ते समोरच दाखवायचं होतं. एक बीट मात्र उकडून, वाटीत घालून, झाकून ठेवलं.

ऋतुराज आणि त्याची बायको अपेक्षा नाताळच्या दुपारी आली. चर्चमधल्या रीतीनं “सलाम काकू,” म्हणत अपेक्षा थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तिनं केकचा खोका ओट्यावर ठेवला. बिर्याणी आली. खुर्चीतल्या अक्कांभोवती तिघं बसली. ऋतुराजनं प्रार्थना केली, तीत आईचं नाव घेतलं.

“भरीत अगदी आईंच्या हातचं वाटतंय,” अपेक्षा म्हणाली.

“मग? त्यांना विचारूनच केलं.”

ऋतुराज फक्त हसला. त्याचं समजूतदार हसणं प्रभाबाईंना बोचलं. त्या उठल्या, झाकलेली वाटी घेऊन आल्या आणि अक्कांसमोर धरली.

“बघ हं आता. अक्का, बीट देऊ?”

अक्कांनी वाटीकडे पाहिलं. तोंड फिरवलं. “ब्याड.”

ऋतुराजचा घास हातातच राहिला. “आई?”

“आणि चटणी देऊ, अक्का?”

“व्हय.”

“बघितलंस?” प्रभाबाईंचा आवाज वर चढला. “आवडतं ते व्हय, नावडतं ते नको. सगळं कळतं तिला. माझी कोशिंबीर आवडत नाही हेसुद्धा आजवर कधी बोलली नव्हती, ते आता बोलली!”

ऋतुराज खो खो हसत सुटला. “काकू, तिनं ती कधी खाल्लीच नाही गं. बीट बघितलं की तिला मळमळायचं. मला कानात सांगायची, तू दोनदा वाढून घे, काकूला वाईट वाटेल. लहानपणी तुझी कोशिंबीर खाऊन खाऊन माझी जीभ लाल व्हायची.”

अपेक्षा हसली, प्रभाबाईही हसल्या. सगळ्यांकडे बघून अक्काही हसल्या. दाराबाहेरून जाणाऱ्या रत्नम्मांनी आत डोकावून विचारलं, “काय झालं गं?” अपेक्षानं हसता हसता बीटाच्या वाटीकडे बोट दाखवलं.

हसणं थांबलं तेव्हा ऋतुराज आईकडे बघत होता. त्यानं हात धुतले, खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि तिचा चालणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पावसाळ्यापासून तो तिच्याशी मोठ्यानं, लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचा. आता त्याचा आवाज साधा होता.

“आई, माझ्याजवळ पुण्याला येतेस? मी रोज येईन तुला भेटायला. येतेस?”

प्रभाबाईंच्या हातात हुग्गीची पळी होती. गरम हुग्गी पळीतून पातेल्यात परत पडली, तेवढाच आवाज झाला.

अक्का मुलाकडे बघत राहिल्या. त्याच्या कपाळावर आलेले केस, दाढीतले पांढरे खुंट, ओले झालेले डोळे, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली.

“व्हय,” त्या म्हणाल्या.

ऋतुराजनं खाली मान घातली. मग तो प्रभाबाईंकडे वळून म्हणाला, “तू म्हणत होतीस तेच खरं, काकू. तिला कळतं. मीच उगाच…” अपेक्षानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

ह्या बाईनं कारल्याच्या खिरीलाही व्हय म्हटलं होतं, हे प्रभाबाईंच्या ओठांवर आलं. पण ते बोलायचं तर आत्ता सगळ्यांसमोर दाखवलेलं बीट खोटं ठरत होतं. आणखीही एक करता आलं असतं. अक्का, इथंच माझ्यापाशी राहता ना, एवढंच विचारायचं. प्रश्न त्यांच्या मनात तयार होता. अक्का त्यांच्याकडेच बघत होत्या, डाव्या बाजूनं हसत, विचारण्याची वाट बघितल्यासारख्या.

उत्तर व्हय येईल का ब्याड, कोण जाणे; प्रभाबाईंना विचारण्याचा धीर झाला नाही.

“थोडी हुग्गी वाढू, अक्का?” त्या म्हणाल्या, आणि उत्तर यायच्या आत त्यांनी वाटी भरली.