चंद्री कायम झाली

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा, माझं काही जात नाही. कारखान्याचं नाव मात्र सांगणार नाही. माझा ऊस अजून तिथंच जायचाय.

माकणीच्या अलीकडं आमच्या शेजारी चन्नम्मा राहते. तिचा मुलगा राजशेखर शेतकीचा पदवीधर. कारखान्याच्या शेतकी खात्यात हंगामी लागलेला. कुणाचा ऊस पिकला, कुणाला तोड द्यायची, हे बघायचं काम. काम चांगलं करायचा, पण हंगाम संपला की पुन्हा घरी. मग एका साली कायम जागा निघाली. त्याला मुलगी द्यायला निघालेले सासरेही त्याच जागेवर डोळा ठेवून बसले होते. खात्याच्या साहेबांचा निरोप आला, "अस्सल डिग्री घेऊन या."

आता ती डिग्री नुसती पिशवीत टाकली असती तर काही झालं नसतं. पण चन्नम्मा पडली भाविक बाई. निघायच्या आधी तिनं ती महादेवापुढं मांडली, विभूती लावली, बेल वाहिला, वर गुळाचा खडा ठेवला आणि पाणी आणायला परसात गेली. तेवढ्यात त्यांची शेळी चंद्री देवघरात शिरली. बेल खाल्ला, गूळ खाल्ला आणि तोंडाला चव आली म्हणून विद्यापीठाच्या शिक्क्यासकट डिग्रीही खाल्ली.

"अव्वा, हे काय करून ठिवलंस!" राजशेखर आईवर ओरडला.

"म्या काय केलं? देवाम्होरचं खाल्लं तिनं. मार तिला!"

"मारून डिग्री भाईर यील व्हय?"

शेवटी पुरावा म्हणून राजशेखरनं शेळीलाच दावं लावलं आणि कारखाना गाठला. मीही गेलो. असलं काही मी चुकवत नाही.

शेतकी खात्याचे रणधीर साहेब नियमाचे लई पक्के.

"डिग्री कुठं हाय?"

"हिच्या पोटात, साहेब."

"म्हंजे तुमच्यापाशी न्हाय."

"साहेब, गेल्या हंगामात माझं काम बघून तुम्हीच पाठ थोपटली की!"

"पाठ थोपटायला डिग्री लागत न्हाय, जागेला लागती." साहेबांनी चंद्रीला शिंगापासून खुरापर्यंत न्याहाळलं. "डिग्री जिच्यापाशी, जागा तिला. माणूसच पायजे असं नियमात कुठं हाय?"

चंद्री कायम झाली. राजशेखरला तिचा मदतनीस केलं, हंगामीच, दावं धरायला.

आणि काय सांगू, कच्च्या उसाला चंद्री तोंड लावत नसे. जिथं थांबून चघळायची, तिथं तोड. मागून राजशेखर रसाची गोडी मोजायचा, ती बरोबर निघायची. त्या साली साखर अशी उतरली की गोदामाला मुंग्यांच्या जागी मधमाश्या लागल्या. खरं तर लोकांचा पिकला ऊस हुडकून खायचं काम चंद्री आधीपासूनच करत होती, पण तेव्हा तिला दगड बसायचे. आता तेच बागायतदार उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पुढं करून म्हणायचे, "मॅडम, आमचा फड बी बघा की."

होणारे सासरेही एकदा येऊन गेले. "तुमच्यात कायम कोण हाय?" त्यांनी विचारलं. चन्नम्मानं खाली मान घालून गोठ्याकडं बोट केलं.

राजशेखरनं मग विद्यापीठात खेटे घालून डिग्रीची दुसरी प्रत मिळवली आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"जागा भरली," साहेब म्हणाले. "वरची एक रिकामी हाय. तिला एक डिग्री जादा लागती, आन् कायम नोकरीचा अनुभव. तो चंद्रीला हाय."

बाहेर येऊन राजशेखर चंद्रीपुढं उभा राहिला. एका हातात दावं, दुसऱ्या हातात डिग्री.

"काका, ही बी हिलाच चारावी म्हंतो. हिला बढती मिळंल, हिची जागा रिकामी हुईल."

"व्हय. पर त्या जागेला तुझ्यापाशी डिग्री लागंल की रं, बाबा."

त्यानं कागद झटकन डोक्यावर धरला. मग थोडा खाली आणला. मग पुन्हा वर नेला.

मी निघालो तेव्हा तो तसाच उभा होता. चंद्री मान वर करून वाट बघत होती. तिला घाई नव्हती; तिची नोकरी कायम होती.