तळेगावच्या भाजीबाजाराची घटना

तळेगावच्या भाजीवाल्यांचं मंडळ अठ्ठ्याहत्तर साली नोंदवलं, तेव्हा त्याची घटना मी लिहिली आणि मंडळाचा चिटणीसही मीच झालो. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. मंडळाचे नियम कसे असतात ते मला ठाऊक नव्हतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटली. म्हणून पुस्तकातला राष्ट्रपतींचा धडा उघडला; राष्ट्रपतींच्या जागी अध्यक्ष घातले, मंत्रिमंडळाच्या जागी पंच. 'अध्यक्ष पंचांच्या सल्ल्यानेच वागतील.' सगळ्यांनी न वाचता सह्या-अंगठे केले. अध्यक्ष झालेल्या बबनरावांनीही.

तीन वर्षांत बबनरावांच्या डोक्यात अध्यक्षपद शिरलं. बाजारातल्या मोक्याच्या जागा ते नातेवाइकांना देतात, असं वांगी विकणारी कुंताबाई भरसभेत बोलली. झालं. पंचांना न विचारताच त्यांनी तिची वीस वर्षांची जागा काढून घेतली आणि तिला पार बैलबाजाराच्या मागे बसवलं. तिकडे गिऱ्हाईक फिरकत नसे. दोन बाजार तिची वांगी तशीच घरी गेली. माझं डोकं तापलं होतं, पण बबनरावांपुढे तोंड उघडायची हिंमत काही झाली नाही. कोर्टात गेली ती कुंताबाईच.

आर्वीच्या कोर्टात न्यायाधीशांनी घटना वाचली आणि चष्मा काढून हसले. कोणी लिहिली, असं त्यांनी विचारलं. मी घामाघूम होऊन उभा राहिलो. जे राष्ट्रपतींनाही करता येत नाही, ते तळेगावच्या अध्यक्षांना कसं करता येईल, असं म्हणून त्यांनी जागा परत देण्याचा हुकूम काढला. चोरी पकडली गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

पुढच्या बाजारी कुंताबाई आपल्या जागी वांग्यांचा ढीग लावून बसली. संध्याकाळी सभा भरली. बबनराव नव्हते; त्यांना कोणी निरोपच दिला नव्हता. पंचांपैकी नत्थूजी तावातावाने म्हणाले, त्यांना आत्ताच्या आत्ता अध्यक्षपदावरून काढा. भराभर हात वर झाले. माझा सगळ्यांत आधी.

कुंताबाईचा हात मांडीवरच होता.

"गुरुजी, तुमी त नियम लिवनारे," ती मला म्हणाली. "त्याइले बलावल्याबिगर काऊन काढून राह्यले? मले न विचारता उठोलं, तसंच आता त्याइले उठवाचं का?"

मी हात खाली घेतला. मग नत्थूजींनी घेतला, हळूहळू सगळ्यांनीच. पुढच्या बाजारी पुन्हा सभा घ्यायचं ठरलं, आणि तसा निरोप घेऊन बबनरावांच्या घरी कुंताबाई स्वतः गेली.