पडद्यामागे वेता

स्मरांडाने आईच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि तिला रांगेत पुढे ढकललं.

"ढकलतेस काय गं? मी काय मेंढी आहे?" वेता पुटपुटली.

"आज होऊ नकोस म्हणजे मिळवली."

रांग गावच्या शाळेतल्या मोठ्या वर्गातून पुढे सरकत होती. फळ्याच्या वर स्मरांडाच्या जन्माआधीपासून एकाच माणसाची तसबीर होती. आता तिथे भिंतीचा तेवढा स्वच्छ चौकोन उरला होता, आणि त्याच्याखाली टेबल मांडून तिचे बाबा बसले होते. कोस्ताके. डिसेंबरपर्यंत पक्षाचा गावातला सचिव, जानेवारीपासून नव्या समितीचा अध्यक्ष आणि आज मतदान केंद्राचा प्रमुख. तिकडे राजधानीत रस्त्यावर माणसं मेली, हुकूमशहा गेला, झेंड्याच्या मधलं चिन्ह लोकांनी कात्रीने कापून टाकलं. इकडे गावात क्रांती झाली ती एवढीच, की बाबांनी कोटावरचा बिल्ला काढला आणि त्याने पडलेलं भोक आईने रफू केलं.

जिल्ह्याला तर तेवढीही तसदी पडली नव्हती. खुर्ची तीच, टेलिफोन तोच, खुर्चीतलं पोटही तेच. दारावरची पाटी तेवढी नवी. स्मरांडाच्या शहरातल्या शाळेत इतिहासाच्या सरांनी पुस्तकातली शेवटची साठ पानं खोडायला लावली होती. "पेन्सिलीने हं," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले होते, "शाईने नको."

असल्या लोकांचं काय करायचं?

रांगेत पुढे तोआदेर आजोबा होते. त्यांनी टेबलावरच मतपत्रिका पसरली, शिक्का मारला आणि कागद उलटा फिरवून कोस्ताकेच्या नाकासमोर धरला.

"बघा हो कॉम्रेड, बरोबर जागी पडलाय ना?"

"कॉम्रेड नाही, आजोबा. आता साहेब म्हणायचं."

"बरं, साहेब. पडलाय ना पण?"

"आणि मला दाखवायचं नसतं. मतदान गुप्त असतं."

"असू दे की गुप्त. तुम्ही काय परके आहात?"

वर्ग हसला. कोस्ताकेही हसला. हसत हसतच त्याने कागदावर नजर टाकली आणि मान डोलावली. स्मरांडाला किळस आली.

कोपऱ्यात हिरवा पडदा होता. तो आधीच्या निवडणुकांतही असायचा. तेव्हा कागदावर एकच नाव असे. कागद घ्यायचा, घडी घालायची, पेटीत टाकायचा. पडद्यामागे जाईल तो ते नाव खोडायलाच. नाहीतर तिथे काम काय कुणाचं? एकदा गुरांचा डॉक्टर नुसता पट्टा आवळायला आत गेला होता. महिन्याभरात त्याची डोंगरापलीकडे बदली झाली. आता मतपत्रिका वर्तमानपत्राएवढी मोठी होती, पक्षच पक्ष होते, विचारणारं कुणी नव्हतं. तरी सकाळपासून एक माणूस त्या पडद्याकडे फिरकला नव्हता. एक! सगळे टेबलावर ठप्पा मारत होते आणि अंगणातल्या गाडीवर फुकट मिळणारी संत्री घेऊन घरी चालले होते. निवडणूक म्हणजे संत्री, एवढंच त्यांना कळत होतं.

कोस्ताकेने जिल्ह्याला समितीच्या पक्षासाठी शंभर टक्के मतांचा शब्द दिला होता. गावाचा प्रमुख जिल्ह्याची कचेरी नेमणार होती, आणि त्या शब्दावरच नेमणूक ठरणार होती. स्मरांडाला अठरा पूर्ण व्हायला आठ महिने कमी पडत होते, म्हणून आठवडाभर ती स्वयंपाकघरात आईच्या मागे लागली होती.

"एकच मत, आई. त्या शंभर टक्क्यांना एक टाचणी लागू दे."

"आणि ती तुझ्या बाबांना टोचली तर?"

"तर टोचू दे."

आईने हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. तीस वर्षं ती असंच बोलत आली होती.

आता वेता टेबलाशी पोचली. कोस्ताकेने तिला मतपत्रिका दिली, शिक्का दिला आणि शाईची डबी तिच्याकडे सरकवली.

"मार इथेच."

वेताने डबीकडे पाहिलं. मग शिक्का शाईत दाबून ती सरळ कोपऱ्याकडे चालत गेली आणि पडदा बाजूला सारून आत शिरली.

शेजारच्या प्रोफिराकाकूंनी छातीवर क्रूस काढला. पडद्याखाली वेताचे रविवारचे तपकिरी बूट तेवढे दिसत होते, एकमेकांना चिकटलेले. ते हलत नव्हते. मिनिट झालं. दोन झाली. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या पाहून स्मरांडाला आतून उकळ्या फुटत होत्या.

"वहिनींना बरं नाही की काय?" टेबलावरचा कारकून ग्लिगोर कुजबुजला.

"स्वयंपाक मांडलाय आत," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. कुणीतरी खोकलं, मग आणखी दोघे खोकले.

पाच मिनिटांनी वेता बाहेर आली. तिने घडी घातलेला कागद पेटीत टाकला, शिक्का परत ठेवला आणि लेकीच्या हातातली पिशवी घेतली.

"चल. ऊन वाढलंय."

घरी जाताना स्मरांडा जवळजवळ नाचत होती. आईला तिने काही विचारलं नाही. विचारण्यासारखं उरलंच काय होतं? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक संत्री सोलत होते. सोला, ती मनात म्हणाली.

कोस्ताके आला तेव्हा कुंपणावर अजून ऊन होतं. वेता मक्याच्या घट्ट शिजवलेल्या पिठाचा पिवळा गोळा दोऱ्याने कापत होती. तो कोट न काढताच बसला.

"चारशे बारा," तो म्हणाला. "चारशे अकरा आपली."

"आणि एक विरोधात!" स्मरांडाने टाळी वाजवली.

"विरोधात एकही नाही. एक कोरी."

टाळीचे हात तसेच राहिले. "कोरी? आई! शिक्का हातात होता तुझ्या! शाई लावलेला! अख्खं गाव बघत होतं, आणि तू कोरी टाकलीस? त्या सगळ्यांत आणि तुझ्यात मग फरक काय?"

वेताने पुढचा तुकडा कापला.

"ग्लिगोर म्हणत होता, मारून टाका तिच्यावर शिक्का," कोस्ताके म्हणाला. "कुणाला कळणार होतं?"

"मग मारला असेलच," स्मरांडा म्हणाली. ज्याने वीस वर्षं न पिकलेला मका कागदावर पिकवला, त्याला एका कागदाचं काय? "तुमच्यासाठी काय नवीन आहे त्यात?"

"नाही मारला. कोरी म्हणूनच लिहायला लावलं."

दोरा थांबला.

"आणि जिल्ह्याला?" वेताने विचारलं.

"तेच सांगितलं. त्यांनी आकडा दोनदा विचारला. मग म्हणाले, कळवतो." त्याने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि वर न बघता विचारलं, "एवढा वेळ आत करत काय होतीस?"

"विचार."

"कसला?"

"मला कोण हवंय, त्याचा. कधी कुणी विचारलंच नव्हतं. कुठून सुरुवात करायची तेच कळेना. मग तुम्ही सगळे खोकायला लागलात." तिने त्याच्यापुढे ताटली ठेवली, मग स्मरांडापुढे. "उगाच कुठेतरी मारून यायचं जिवावर आलं."

स्मरांडाने तोंड उघडलं. जिभेवर तीन-चार चांगली झणझणीत वाक्यं तयार होती. तिने घास घेतला.

"पुढची कधी आहे?" वेताने विचारलं.

"निवडणूक? दोन वर्षांनी म्हणतात."

वेताने बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"पुरतील," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून जेवायला बसली.